परवलीचा शब्द कुणाकडे?

२०२२ सालचा जानेवारी नुकताच लागला होता. सकाळी भाचीचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तिने थेट विषयाला हात घातला. "मामू, आपल्या वेबसाइटवरचे आम्हा मुलींचे फोटो एकतर काढा, नाहीतर तिला कुलूप लावा. आजच्या आज."

कारण विचारायची गरज नव्हती. वर्षाच्या पहिल्याच दिवशी बातमी आली होती. मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या सोशल मीडियावरच्या खात्यांमधून उचलून कुणीतरी एक ॲप तयार केलं होतं आणि त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. सहा महिन्यांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, असाच प्रकार एकदा होऊन गेला होता. त्या ॲपची नावं म्हणजे शिव्याच होत्या, त्या मी इथे लिहीत नाही. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने या दुसऱ्या प्रकरणात विशी-बाविशीच्या शिकलेल्या पोरांना अटक केली. ही पोरं त्या स्त्रियांच्या ओळखीची नव्हती. उघड्या दारातून ती आत आली होती.

आमची वेबसाइट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. आम्ही मुरूड-राजपुरीकडचे. कोकणी मुसलमानांच्या बऱ्याच घरांसारखंच आमचंही खानदान पांगलेलं आहे. कुणी मुंबईत, कुणी कुवेतला, एक शाखा तर फार पूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला गेलेली. या सगळ्यांना एका ठिकाणी पाहता यावं म्हणून २०१० च्या सुमारास मी भाच्याच्या मदतीने खानदानाचा शजरा इंटरनेटवर चढवला. सोबत जुनी पत्रं, निकाहनामे, जहाजावर काम करणाऱ्या आजोबांचे कागद आणि लग्नांचे फोटो. कुणाची मुलगी कुठे दिली, कोण कुठे राहतं, कुणाचा जन्म कधीचा, सगळं त्यात होतं. दार सताड उघडं होतं आणि बारा वर्षांत मला त्याची काळजी वाटली नव्हती.

त्या रविवारी घरात बैठक बसली. मोठे भाईजान म्हणाले, "बंद करून टाक. नसती आफत." माझाही कल तिकडेच होता. भाची मात्र ऐकेना. "बंद का करायची? घरात चोर येईल म्हणून आपण घर पाडत नाही. कुलूप लावतो."

मी इतिहासाचा विद्यार्थी. कुलूप लावायचं ठरलं तेव्हा मला आधी कुलपाचा इतिहास पाहावासा वाटला. पुढचे काही आठवडे त्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते मला आमच्या घरच्या प्रश्नासाठीही उपयोगी पडलं, म्हणून वाचकांसमोर ठेवतो.

छावणीतला शब्द

आपण मराठीत पासवर्डला 'परवलीचा शब्द' म्हणतो. हा शब्द पहारेकऱ्यांच्या जगातला आहे. छावणीत रात्री कुणी समोर आलं की पहारेकरी त्याला तो शब्द विचारणार. सांगता आला तर आपला, नाही तर परका.

या पद्धतीचं एक जुनं आणि तपशीलवार वर्णन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात केलं आहे. रोमन छावणीत सूर्यास्ताला एक सैनिक अधिकाऱ्याच्या तंबूत जाई. तिथे त्याला एका लाकडी पाटीवर लिहिलेला शब्द मिळे. ती पाटी साक्षीदारांसमोर एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात जात अंधार पडण्यापूर्वी पुन्हा त्या अधिकाऱ्याकडे यायची. एखादी पाटी परत आली नाही तर तिच्या खुणेवरून ती कुठल्या तुकडीत अडकली हे लगेच कळायचं.

यात मला महत्त्वाची वाटली ती हिशेबाची बाजू. शब्द कुणाकुणाच्या हातून गेला, परत आला की नाही, चूक कुणाची, हे सगळं ठरलेलं होतं.

दुसरा एक शब्द याहून भयंकर आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या 'शास्ते' या पुस्तकात यार्देन नदीच्या उतारावरची कथा येते. गिलादी लोकांनी नदीचे उतार अडवले. पलीकडे जाऊ पाहणाऱ्याला ते 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. एफ्राइमी लोकांना 'श' नीट म्हणता येत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत. तसं म्हणणाऱ्याला तिथेच ठार केलं जाई. बेचाळीस हजार माणसं अशी मारली गेली, असं ती कथा सांगते.

हाही परवलीचाच शब्द, पण फरक केवढा! रोमन सैनिकाचा शब्द रोज बदलायचा आणि तो कुणालाही शिकवता यायचा. शिब्बोलेथ शिकवता येत नाही. तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात हे तो विचारतो. १९९२-९३ च्या मुंबईत रस्त्यावर आपलं नाव सांगण्याआधी ज्यांना दोनदा विचार करावा लागला, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. दारावर कोणता शब्द विचारायचा हे ठरवताना आपणही एखादं शिब्बोलेथ तर तयार करत नाही ना, हे पाहावं लागतं.

तीळ, दार आणि कासिम

लहानपणी आपण सगळ्यांनी अलीबाबाची गोष्ट ऐकली आहे. 'तिळा तिळा दार उघड' हा बहुधा जगातला सगळ्यात प्रसिद्ध पासवर्ड. ही गोष्ट नीट पाहिली तर पासवर्डचे दोन्ही जुने आजार तिच्यात आहेत. चोरांचा सरदार तो शब्द मोठ्याने उच्चारतो, झाडावर बसलेला अलीबाबा तो ऐकतो. म्हणजे शब्द फुटला. पुढे लोभी कासिम गुहेत जातो आणि बाहेर पडताना तोच शब्द विसरतो. एकामागून एक धान्यांची नावं घेत बसतो, तीळ काही आठवत नाही. म्हणजे शब्द हरवला. जो शब्द लक्षात राहायला सोपा तो दुसऱ्याला कळायलाही सोपा, आणि जो अवघड तो मालकालाच विसरायला होतो. आजही आपण याच दोहोंच्या मध्ये अडकलेलो आहोत.

या गोष्टीची आणखी एक हकीकत आहे, ती शेवटी सांगतो.

जंजिऱ्याचा दरवाजा

आमच्या भाच्याने सुरुवातीला सोपा उपाय केला. लग्नाच्या फोटोंचं पान त्याने पहिल्या पानावरून काढून टाकलं. पान जागेवरच होतं, फक्त तिथे जाण्याची वाट दिसत नव्हती. शिवाय 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाइल ठेवली. शोधयंत्रांचे प्रोग्राम वेबसाइटवर फिरत असतात, त्यांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी ही पाटी. मार्टिन कोस्टर या संगणकतज्ज्ञाने १९९४ मध्ये ही पद्धत सुचवली आणि ती जगभर रूढ झाली.

मला हे ऐकून जंजिरा आठवला. राजपुरीहून होडीने निघालं की किल्ल्याचा मुख्य दरवाजा बराच वेळ दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड तो असा बसवला आहे की जवळ गेल्यावरच कळतो. पण सिद्दींचा जंजिरा शतकानुशतकं अजिंक्य राहिला तो दरवाजा लपलेला होता म्हणून नव्हे. भोवती समुद्र होता, तट भक्कम होता, तटावर तोफा होत्या. राजपुरीच्या प्रत्येक नावाड्याला दरवाजा कुठे आहे हे ठाऊक होतं. लपवण्याने शत्रूचा थोडा वेळ जातो, एवढंच.

१८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने लष्करी गुप्तलिपीवर लिहिताना हाच मुद्दा नियम म्हणून मांडला. यंत्रणेची सगळी रचना शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. रचना लपवण्यावर ज्याची मदार आहे ती यंत्रणा एक ना एक दिवस पडते.

भाच्याच्या पाटीची गंमत तर आणखी वेगळी होती. ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते. 'या खोलीत जाऊ नका' असं लिहिताना आपण खोली कुठे आहे हेच सांगून बसतो. ही पाटी सभ्य माणसासाठी आहे. दुसऱ्याच्या घरात सलाम केल्याशिवाय आणि परवानगी मिळाल्याशिवाय जाऊ नये, 'परत जा' म्हटलं तर परत जावं, हा शिष्टाचार सूरह नूरमध्ये आहे आणि आम्हाला तो लहानपणीच शिकवला गेला. पण ज्याला शिष्टाचारच मानायचा नाही त्याच्यासाठी कडी लागते.

पहिला चोर घरातलाच

संगणकावर पासवर्ड आला तो चोरांच्या भीतीने नव्हे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था करून दाखवली. एकच महागडा संगणक, आणि अनेकांनी तो एकाच वेळी वापरायचा. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला ठरवून दिलेला वेळ त्यालाच मिळावा म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला गेला. एकाच घरात राहणाऱ्या भावांनी आपापल्या खोलीला कडी लावावी, तसा.

ती कडी वर्षभरातच निघाली. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा मिळणारा वेळ पुरत नव्हता. पंचकार्ड टाकून कोणतीही फाइल छापून मागवता येते हे त्याला माहीत होतं. एका शुक्रवारी रात्री त्याने पासवर्डचीच फाइल छापायला सांगितली आणि शनिवारी पहाटे कागद उचलून नेला. सगळ्यांचे पासवर्ड त्यावर साध्या अक्षरांत होते. ही गोष्ट त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी कबूल केली.

आणखी काही वर्षांनी याहून नवल घडलं. संगणक सुरू केल्यावर सर्वांना दिवसाची एक सूचना दिसायची. एके दिवशी दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि सूचनेच्या जागी सगळ्या वापरकर्त्यांच्या पासवर्डची यादीच प्रत्येकासमोर छापली जाऊ लागली. यात कुणी चोर नव्हता, शत्रू नव्हता. नुसती गफलत होती. १९९० चं ट्युरिंग पारितोषिक मिळाल्यावर दिलेल्या व्याख्यानात कॉर्बाटोंनी स्वतःच हा किस्सा सांगितला.

हे वाचताना मला आमची बैठक आठवली. आम्ही सगळे बाहेरच्या माणसाबद्दल बोलत होतो. आतल्या माणसाबद्दल कुणीच बोललं नव्हतं.

पीठ, मीठ आणि अल-किंदी

एमआयटीच्या घटनांचा धडा उघड होता. पासवर्डची यादी साध्या अक्षरांत ठेवायचीच नाही. मग पडताळायचं कसं? यावर निघालेली युक्ती आमच्या कोकणी घरातल्या कुणालाही कळेल. तांदूळ दळला की पीठ होतं, पण पिठापासून तांदूळ परत मिळत नाही. संगणकाने पासवर्ड दळून फक्त पीठ साठवायचं. तुम्ही पुन्हा आलात की दिलेला शब्द पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं जुळतात का पाहायचं. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना वापरली.

तरीही एक फट राहिली. १९७९ मध्ये बेल लॅब्सच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज ओळखता येण्यासारखे होते. कुणाचा एकच अक्षराचा, कुणाचा तीन अक्षरांचा, कुणाचा शब्दकोशातला शब्द. चोराला पीठ उलगडायची गरजच नव्हती. त्याने शब्दकोशातला एकेक शब्द दळून पाहिला की काम झालं. म्हणून त्यांनी प्रत्येक पासवर्डमध्ये दळण्याआधी काही वेगळी अक्षरं मिसळण्याची पद्धत सांगितली. तिचं नाव 'सॉल्ट', म्हणजे मीठ! प्रत्येकाच्या पिठात वेगळं मीठ पडलं की एकदा दळलेला शब्दकोश सगळ्यांवर चालत नाही.

माणूस शब्द निवडताना ठरावीक वाटेनेच जातो, हे सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात आलं त्यांत नवव्या शतकातल्या बगदादचे अल-किंदी यांचं नाव मोठं आहे. गुप्तलिपी उलगडण्यावर त्यांनी एक रिसाला लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक भाषेत काही अक्षरं फार वेळा येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा, जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा आलं ते भाषेतलं सर्वांत जास्त वापराचं अक्षर असण्याचा संभव मोठा. हा रिसाला शतकानुशतकं इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयातल्या हस्तलिखितांत पडून होता, १९८० च्या दशकात तो छापून प्रसिद्ध झाला. अल-किंदींनी अक्षरं मोजली, आजचे चोर सवयी मोजतात. २००९ मध्ये एका अमेरिकी कंपनीचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड साध्या अक्षरांत बाहेर पडले. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता '१२३४५६'.

आमचं कुलूप

शेवटी आमच्या वेबसाइटला कुलूप लागलं. पान उघडायला गेलं की नाव आणि पासवर्ड विचारणारी छोटी चौकट येते, ती तुम्ही पाहिली असेल. वेबच्या अगदी सुरुवातीच्या काळातली ही सोय, १९९६ च्या एचटीटीपीच्या नियमावलीत ती नोंदलेली आहे. तिच्यात एक मोठी उणीव आहे. पासवर्ड जाताना फक्त दुसऱ्या लिपीत लिहिल्यासारखा बदलून जातो, गुप्त होऊन जात नाही. वाटेत बसलेला कुणीही तो वाचू शकतो. म्हणून वाटच बंद नळीची करावी लागते, म्हणजे पत्त्यात 'एचटीटीपीएस' असावं लागतं. पूर्वी त्याला पैसे पडत, आता ते फुकट मिळतं. भाच्याने तेही केलं.

पासवर्ड मी ठरवला. गावाचं नाव आणि पुढे अब्बांच्या जन्माचं साल. भाचीने पहिल्याच प्रयत्नात ओळखला. मी मॉरिस-थॉम्प्सन वाचत होतो आणि स्वतः त्या ८६ टक्क्यांत बसलो होतो.

मग दुसरा ठरवला. भाईजान म्हणाले, तो घरातल्या चार मोठ्या पुरुषांकडेच राहील, ज्याला पाहायचं त्याने आम्हाला विचारावं. यावर भाची शांतपणे म्हणाली, "फोटो आमचे, लिलाव आमचा झाला असता, आणि किल्ली तुमच्याकडे?" कुणी काही बोललं नाही. महिन्याभरात त्या चौघांपैकीच एकाने पासवर्ड खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये दीडशेहून अधिक माणसं, त्यांतली काही कोण होती हे आम्हालाही सांगता आलं नसतं. आणि एका मुलीचा लग्नातला फोटो तिला न विचारता एका स्थळाकडे पाठवला गेला, तोही घरातल्याच माणसाकडून.

बाहेरच्या चोरासाठी लावलेलं कुलूप आतल्या माणसाने उघडलं, हे एमआयटीत घडलं होतं तेच आमच्याकडे घडलं. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी नेमले जात, हे सभासद बखरीत आहे. एकट्याच्या मनात आलं म्हणून किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये, हा हेतू. एका किल्ल्यासाठी जी काळजी घेतली जाई ती आम्ही घरातल्या मुलींसाठी घेतली नव्हती.

आता व्यवस्था बदलली आहे. एकच सामायिक पासवर्ड नाही. प्रत्येकाला वेगळा, म्हणजे कोण कधी आत आलं हे कळतं, रोमन पाटीच्या खुणेसारखं. कुणाचा फुटला तर तेवढाच बदलायचा. नवीन माणसाला आत घ्यायचं की नाही हे तिघी-तिघं मिळून ठरवतात, भाची त्यांत आहे. कोण कुठल्या फिरक्याचा, कुणी जमातीबाहेर लग्न केलं, हे विचारायचं नाही असंही ठरलं. हा मुद्दा निघाला होता, म्हणून सांगतो. आणि जिवंत माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय चढवायचा नाही, मग तो आत कुलपात असला तरी.

काय उघडं ठेवायचं

आता अलीबाबाची राहिलेली हकीकत. ही गोष्ट 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. १७०९ मध्ये पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या हलब शहरातल्या ख्रिस्ती तरुणाने ती आंत्वान गालां या फ्रेंच अनुवादकाला सांगितली. गालां यांनी तिची नोंद आपल्या रोजनिशीत केली, पण छापलेल्या पुस्तकात दियाबचं नाव घातलं नाही. दियाबने स्वतःची आठवणीही लिहून ठेवल्या होत्या. त्या व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून राहिल्या आणि तिथे त्या ओळखू आल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस. जगातला सगळ्यात प्रसिद्ध परवलीचा शब्द ज्याने सांगितला, तो माणूसच जवळजवळ तीन शतकं बंद दाराआड राहिला.

भाईजानांच्या म्हणण्याप्रमाणे सगळंच बंद केलं असतं तर आमचंही तेच झालं असतं. कोकणी मुसलमानांचा इतिहास आधीच फार थोडा लिहिला गेला आहे. जहाजावरच्या आजोबांचे कागद, केपटाऊनहून आलेली पत्रं, शंभर वर्षांपूर्वीचे निकाहनामे, हे सगळं आम्ही उघडं ठेवलं आहे. कुणीही यावं, वाचावं. मध्यंतरी इतिहासाची एक विद्यार्थिनी ते पाहून घरी आली, तिला आम्ही दोन पेट्या आणखी उघडून दिल्या.

मागच्या ईदला भाचीने स्वतःच्या लग्नाचे फोटो वेबसाइटवर टाकले. आतल्या बाजूला. कुणाला ते पाहता येतील याची यादी तिने केली होती. यादीत माझं नाव होतं, तरी मी फोन करून विचारलं, "पाहू का?"

"या ना मामू," ती म्हणाली.